विमानाला धूर कसा लावायचा? टेबलावरच्या हवाई लढायांचे डॅमेज मार्कर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं रविवारी दुपारी, जेवणं उरकली की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या टेबलावर निळी चादर पडते आणि हवाई लढाया सुरू होतात. विमानं बोटाएवढी, प्रत्येक विमानाखाली पारदर्शक दांडीचा स्टँड. खेळात एखाद्या विमानाला फटका बसला, म्हणजे गोळी लागली, की धूर-आगीची खूण लावतो; तोच डॅमेज मार्कर. फोटो पाठवले की विमानं छान रंगवलीत असं फारसं कुणी म्हणत नाही. "तो धूर कशाचा केलाय?" हेच विचारतात. देवास, ग्वाल्हेर, बडोदा, पुणे, सगळीकडून तेच. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. प्रश्नांना क्रमांक दिलेत. जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे फक्त क्रमांक सांगेन.

प्र. १. फटके कागदावर टिपून ठेवले तर चालत नाही का? मार्कर हवेतच कशाला?

दोन विमानं असतील तर खुशाल कागदावर लिहा. चार खेळाडू आणि आठ विमानं झाली की मात्र दर पाच मिनिटांनी "तुझं कुठलं पेटलंय रे?" सुरू होतं, आणि निम्मी दुपार हिशेबात जाते. विमानाच्या मालकाला आपलं काय झालंय ते ठाऊकच असतं. मार्कर लागतो तो टेबलापलीकडच्या माणसाला. त्याला न विचारता कळलं पाहिजे की आग कुणाला लागलीय आणि सुकाणू कुणाचं अडकलंय. पुढे मी सगळीकडे हीच कसोटी लावली आहे. हातात घेतल्यावर सुंदर, पण सहा फुटांवरून ओळखू येत नाहीत असे कितीतरी मार्कर मी केले आणि डब्यात टाकले.

प्र. २. किती प्रकारचे मार्कर करावे लागतील?

आधी तुमच्या खेळाचे नियम वाचा. साधारणपणे दोन जाती निघतात. एक आकड्याची: किती फटके बसले. दुसरी घटनेची: धूर, आग, सुकाणू अडकलं, बंदूक जाम झाली, इंजिन गेलं, वैमानिक जखमी. धूर आणि आग विमानालाच लावावी. बाकीच्या घटना बेसवर, म्हणजे स्टँडच्या बुडावर, ठेवल्या तरी चालतात, कारण बंदूक जाम झालेली खऱ्या आकाशातही लांबून दिसत नाही. आठ विमानांसाठी आमच्याकडे धुराचे सहा आणि आगीचे तीन मार्कर आहेत. आगीचे अजून कधी कमी पडलेले नाहीत. पेटलेलं विमान टेबलावर फार वेळ टिकत नाही.

प्र. ३. धूर किती लांब ठेवायचा? स्केलप्रमाणे बदलतो का?

बदलतो. (१/१४४ स्केल म्हणजे खऱ्या विमानाच्या १४४ पट लहान.) विमानाच्या लांबीइतका, फार तर दीडपट. पहिल्या महायुद्धातलं सॉपविथ कॅमल १/१४४ मध्ये जेमतेम ४ सेंटिमीटरचं होतं, त्याला ५-६ सेंटिमीटरचा धूर पुरे. १/२०० मधलं स्पिटफायर साधारण साडेचार सेंटिमीटरचं, तिथेही तेच माप. आपल्या हवाई दलाचं नॅट जेट १/३०० मध्ये ३ सेंटिमीटरही भरत नाही. त्याला कापूस लावला तर विमान दिसेनासं होतं आणि कापूस तेवढा उडताना दिसतो. १/३०० साठी मी कापूस सोडून दिलाय. त्यासाठी स्पंजचा चिमूटभर तुकडा काळा रंगवून तारेवर ओवतो.

विंग्ज ऑफ ग्लोरी हा हवाई लढायांचा खेळ खेळणाऱ्यांसाठी: त्यात पहिल्या महायुद्धाची विमानं १/१४४ आणि दुसऱ्याची १/२०० असतात, तेव्हा एकाच मापाचे मार्कर दोन्हीकडे चालून जातात.

प्र. ४. सगळ्यात सोपा धूर कशाचा?

कापसाचा. आणि पद्धत तुमच्या घरात आधीपासूनच आहे: वात वळायची.

माझे पहिले धूर म्हणजे कापसाचे गोळे होते, मेंढ्या उडवल्यासारखे. आई समोर बसून समईच्या वाती वळत होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा मेंढ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, आधी पेळू मोकळा कर. असा मुठीत दाबून वात होते का?" मग तिने अंगठ्याएवढा कापूस घेतला, दोन्ही हातांनी हलके हलके ओढत त्यातून बोटं दिसतील इतका विरळ केला, बोटांना किंचित दूध लावलं आणि एका टोकाला पीळ दिला. दुसरं टोक तसंच सोडलं. झाला धूर. इंजिनाशी घट्ट, शेपटीकडे विस्कटलेला, खऱ्या धुरासारखा.

मी त्यात फक्त तार वाढवली. पीळ देण्याआधी मध्ये बारीक तांब्याची तार घाला, जुन्या चार्जरच्या वायरमधली चालते. त्यामुळे धूर खाली लोंबत नाही आणि वाकवावा तसा वाकतो. दुधाऐवजी साधं पाणी घ्या, दुधाला वास येतो. मग एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी असं पातळ करून स्प्रेच्या बाटलीने शिंपडा. बुडवू नका. बुडवलेला कापूस भिजलेल्या मांजरासारखा होतो आणि वाळल्यावरही तसाच राहतो. कपड्याच्या चिमट्याला रात्रभर टांगून ठेवा. रंग दुसऱ्या दिवशी: ब्रशवर अगदी थोडा अॅक्रिलिक घ्यायचा, तो कागदावर पुसायचा आणि उरलेल्यानेच कापसाला गोंजारायचं. पिळाच्या टोकाला गडद, शेपटीकडे फिकट.

प्र. ५. कापूस घ्यायचा की उशीतला फायबर?

दोन्ही ठेवा. कापूस वळायला सोपा आणि स्वस्त, शिवाय माळव्यातल्या काळ्या मातीत त्याला तोटा नाही. रजया भरणाऱ्याकडून मूठभर पिंजलेला कापूस मागितला तर आमच्याकडे अजून कुणी पैसे घेतलेले नाहीत. पण पावसाळ्यात तो ओल धरतो, फेविकॉलचा थर मऊ पडतो आणि धूर मान टाकतो. बडोद्याच्या एका मित्राच्या धुराला तर जुलैत बुरशी आली. उशीतला पॉलिएस्टर फायबर ओल धरत नाही आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. मात्र तो चमकतो. चमक घालवायला मॅट वार्निशचा हात द्यावा लागतो. कोरड्या हवेच्या गावात कापूस, दमट गावात फायबर, इतकं सोपं.

प्र. ६. धुराचा रंग काळा की पांढरा? दोन्ही फोटोंत दिसतात.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे रंगाला अर्थ आहे.

काळा धूर म्हणजे तेल किंवा इंधन जळतंय. पांढरी रेघ म्हणजे बहुतेकदा काही जळत नसतं, काहीतरी गळत असतं: इंजिन थंड ठेवणारं द्रव (कूलंट) वाफ होऊन मागे जातं, नाहीतर टाकीतून इंधन फवाऱ्यासारखं उडतं. म्हणून आधी बघायचं, तुमच्या विमानाचं इंजिन द्रवाने थंड होतं की हवेने.

स्पिटफायर, हरिकेन आणि मेसरश्मिट १०९ द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनांची. रेडिएटरला गोळी लागली की त्यांना पांढरी रेघ शोभते. जपानी झिरो, की-४३ आणि जर्मन फोके-वुल्फ १९०ए यांची इंजिनं हवेवर थंड होतात. कूलंटच नाही तर ते गळेल कुठून? पहिल्या महायुद्धातही तीच विभागणी. कॅमल आणि फोकर ट्रायप्लेनची रोटरी इंजिनं हवेवरची, त्यांत वंगण म्हणून एरंडेल तेल जायचं. एसई५ए आणि आल्बाट्रोसला मात्र पाण्याचा रेडिएटर होता, त्यांच्या मागे वाफ दाखवायला हरकत नाही.

आम्ही १९४४ सालची ब्रह्मदेशाची मोहीम खेळतो तेव्हा हे फार उपयोगी पडतं. भारतीय हवाई दलाची हरिकेन एका बाजूला, की-४३ दुसऱ्या बाजूला. हरिकेनला पहिल्या फटक्याला पांढरी रेघ, पुढे आग लागली तर काळा धूर. की-४३ ला थेट काळाच. लांबून पाहणाऱ्याला कुणाची बाजू कुठली हेही त्यातून कळतं.

जेटविमानांना, म्हणजे १९६५ आणि १९७१ च्या भारतीय नॅट आणि पाकिस्तानी सेबर यांच्या लढतींना, कूलंटचा प्रश्नच येत नाही. तिथे गळणाऱ्या इंधनाची पांढरी रेघ किंवा जळण्याचा काळा धूर, दोनच.

प्र. ७. आग शेकोटीसारखी दिसते. काय चुकतंय?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे दिशा. ताशी दोन-तीनशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाची ज्वाळा वर जात नाही, मागे खेचली जाते. ज्वाळा वर उभी केली की शेकोटीच होते. दुसरी गोष्ट रंगांचा क्रम. बरेच जण टोकाला पिवळा लावतात, कारण चित्रात तसा छान दिसतो. खरी आग उगमाशी सगळ्यात उजळ असते. इंजिनाशी पिवळसर पांढरा, मग पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी काळा धूर. रंगवताना उलटीकडून या: आधी सगळा कापूस काळा, मग लाल, नारिंगी, पिवळा असा एकेक थर इंजिनाकडे सरकत आणा. पिवळा दोनदा लावा, काळ्यावर तो एका थरात उठत नाही.

प्र. ८. कापूस विमानाला इन्स्टंट ग्लूने चिकटवू का?

नका. कृपा करून नका.

सायनोअॅक्रिलेट, म्हणजे क्षणात चिकटणारा गोंद, कापसावर पडला की त्याची क्रिया इतक्या वेगाने होते की उष्णता निर्माण होते. मी एकदा घाईत कापसाच्या बोळ्यावर अर्धी ट्यूब दाबली. बोळ्यातून खरोखरीचा धूर निघाला आणि तर्जनीला फोड आला. भाऊ म्हणाला, "मार्कर झकास झालाय." फोड आठवडाभर होता. सुती हातमोजे घालूनही हा गोंद वापरू नका, तिथेही तेच होतं.

दुसरं नुकसान विमानाचं. या गोंदाची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट धुकं धरते, त्यामुळे कॉकपिटची काच आणि स्टँडची दांडी कायमची धुरकट होते. कापसाला फेविकॉल. विमानाला जोडायचं असेल तर प्र. ९ पाहा.

प्र. ९. मार्कर विमानाला लावायचा कसा? काढता आला पाहिजे.

आमचं उत्तर चुंबक. ३ मिलिमीटर व्यासाचे, १ मिलिमीटर जाडीचे निओडिमियम चुंबक घ्या आणि ते धुराच्या तारेच्या टोकाला बसवा.

इथे नवख्यांची गोची होते. शिशाची, कथलाची किंवा जस्ताच्या मिश्रधातूची विमानं हाताला जड लागतात, म्हणून चुंबक चिकटेल असं वाटतं. चिकटत नाही, त्यात लोखंड नसतं. मग काय करायचं? इंजिनामागे, पोटाखाली, स्टेपलरच्या पिनेचा ४ मिलिमीटरचा तुकडा चिकटवायचा आणि त्यावर विमानाचाच रंग द्यायचा. दिसत नाही आणि चुंबक पकडतो.

काही जण विमानातही चुंबकच बसवतात. पकड घट्ट येते, पण दिशा चुकली की मार्कर विमानापासून लांब उडी मारतो. तसं करायचंच असेल तर सगळ्या चुंबकांच्या एकाच बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. मी विमानात पिन, मार्करमध्ये चुंबक हीच रीत पाळतो. दिशेची भानगडच उरत नाही.

प्र. १०. माझी विमानं रंगवून आलेली, संग्रहातली आहेत. त्यांना काहीही चिकटवायचं नाही. मग?

स्टँडच्या दांडीला लावा. मऊ तार दांडीभोवती दीड वेढा गुंडाळा, एक टोक मागे काढा आणि त्यावर धूर ओवा. पूर्ण दोन-तीन वेढे घातले तर प्रत्येक वेळी विमान उचलावं लागतं. दीड वेढा बाजूने सरकवता येतो.

उंचीप्रमाणे दांड्या जोडत जायचे स्टँड असतील तर वेढा सगळ्यात वरच्या तुकड्यावरच ठेवा. सांध्यावर बसला की पुढची दांडी आत जात नाही आणि विमान डुगडुगतं. तार धातूची असल्यामुळे दांडीवर ओरखडे पडतात असं एकाने कळवलं. त्याने तारेवर पातळ प्लॅस्टिकची नळी चढवली. मला तेवढा धीर नाही.

प्र. ११. फटक्यांची संख्या दाखवायला फासा ठेवतो, पण तो सारखा कलंडतो.

फासा हलत्या बेसवर कधीच टिकत नाही. विमान पुढे सरकवताना सहाचे चार होतात आणि त्यावरून दोस्ती तुटते.

मी टिकल्या वापरतो. मखमली, सगळ्यात लहान आकाराच्या. बेसवर प्रत्येक फटक्याला एक टिकली लावायची. तिचा गोंद असा असतो की ती चिकटते आणि निघतेही, बेसवर डाग उरत नाही, आणि एक टिकली चार-पाच खेळ चालते. काळी म्हणजे फटका, लाल म्हणजे वैमानिक जखमी, एवढाच संकेत. राजवाड्यामागच्या गल्लीत मी पहिल्यांदा वीस पाकिटं एकदम मागितली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "भिया, भाभी के लिए?" हवाई दलासाठी म्हणालो. त्याने पाकिटं दिली, पुढे काही विचारलं नाही.

पंधरा-वीस फटके सोसणारं मोठं बॉम्बर असेल तर टिकल्यांची रांगोळी होते. तिथे आकड्यांची फिरती चकती बरी: पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या, वरचीला खिडकी, मधोमध रिबीट. खजुरी बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानांत फाइलची पितळी रिबीटं मिळतात.

प्र. १२. आमच्या खेळात फटक्यांचा आकडा गुप्त असतो. मग टिकल्या कशा लावायच्या?

लावायच्याच नाहीत. विंग्ज ऑफ ग्लोरीत डॅमेजचे पत्ते मालकाने गुपचूप पाहून पालथे ठेवायचे असतात. समोरच्याला आकडा कळला की खेळाची निम्मी मजा जाते, कारण जखमी वाघ ओळखता आला नाही तरच त्याची भीती वाटते. अशा खेळात मार्कर फक्त उघड घटनांसाठी: धूर, आग. प्र. २ मधली दुसरी जात तेवढी ठेवा, पहिली विसरा.

प्र. १३. एलईडी लावून लुकलुकणारी आग करता येते का?

येते. दिवाळीत मिळणारे बॅटरीवरचे छोटे दिवे उघडा. आत पिवळा एलईडी आणि बहुतेकदा सीआर२०३२ जातीचा नाण्याएवढा सेल असतो. एलईडीला बारीक इनॅमलची तार जोडून ती दांडीवरून वर न्या आणि सेल बेसखाली लपवा. सुटे एलईडी आणि तार इथे जेल रोडला मिळते. कापूस एलईडीवर सैल ठेवा, दाबून बसवला तर उजेड अडतो.

पण खरं सांगू? छोट्या फायटरला हे करू नका. तारेमुळे विमान फिरवता येत नाही आणि दिवसा खिडकीच्या उजेडात लुकलुक दिसतही नाही. आम्ही एकाच चार इंजिनांच्या बॉम्बरला लावलाय आणि संध्याकाळी दिवे मालवून खेळताना तो पेटवतो. अनंत चतुर्दशीच्या झाक्या (मिरवणुकीतले दिव्यांचे देखावे) बघत वाढलेल्या इंदुरी माणसाला लुकलुकत्या दिव्यांचा मोह सुटत नाही, म्हणून तेवढा एक.

घरात लहान मूल असेल तर हा नाद सोडाच. तो सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. सेलची झाकणी स्क्रूने बंद होणारीच हवी. निओडिमियम चुंबकांचंही तसंच: दोन गिळले तर ते आतड्यात एकमेकांना ओढतात.

प्र. १४. भांडी घासायच्या बारीक तारेच्या घासणीचा धूर छान दिसतो म्हणतात.

दिसतो, पहिल्या महिन्यात. मग गंजतो. तिचे बारीक कण गळतात, सगळे चुंबकांना दाढीसारखे चिकटतात आणि मार्कर नीट बसत नाही. शिवाय ही बारीक लोखंडी तार सेलच्या दोन टोकांना लागली तर पेट घेऊ शकते. प्र. १३ आणि प्र. १४ एकाच डब्यात ठेवू नका.

प्र. १५. एका मित्राला लाल-हिरवा फरक कळत नाही. रंगाचे संकेत त्याच्यासाठी निकामी आहेत.

मग रंगावर भिस्त ठेवूच नका, आकारावर ठेवा. धूर लांब, आग आखूड आणि फुगीर. सुकाणू अडकलं तर तारेचा बाण, ज्या बाजूला वळता येतं त्या बाजूला टोक. बंदूक जाम झाली तर फुली. वैमानिक जखमी असेल तर लाल टिकलीऐवजी चंद्रकोर टिकली, तीही त्याच दुकानात मिळते. आम्ही हे एका मित्रासाठी केलं आणि आता सगळेच वापरतो, कारण संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली लाल आणि तपकिरी आम्हालाही सारखेच दिसतात.

प्र. १६. पडलेल्या विमानाचं काय करायचं? उचलून ठेवायचं?

नियम तसं सांगत असतील तर उचला. आम्ही मात्र जिथे पडलं तिथे चादरीवर धुराचा उभा खांब ठेवतो. इथे मात्र धूर वरच जाऊ दे, थोडा वाऱ्याकडे कललेला. सगळे खांब एकाच दिशेला कलवायचे, हे विसरतात लोक. खेळ संपल्यावर लढाई कुठून कुठे सरकली ते त्या खांबांवरून वाचता येतं.

प्र. १७. खऱ्या वैमानिकांची विमानं पेटवून दाखवणं बरं वाटत नाही. तुम्हाला काही वाटत नाही का?

वाटतं. इंद्रलाल रॉय हा कोलकात्याचा मुलगा. ब्रिटिश हवाई दलाच्या ४० व्या स्क्वॉड्रनमध्ये एसई५ए उडवताना जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत त्याने १० विजय नोंदवले, आणि २२ जुलैला त्याचं विमान पेटून कोसळलं. वय १९. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना तेव्हा पॅराशूट देत नसत. त्याचं विमान आमच्या टेबलावर आहे, आणि खेळात त्यालाही आग लागते. लागू नये असा नियम आम्ही केलेला नाही. पण ते पेटलं की हसत नाही कुणी, आणि मार्कर त्या विमानाचा खेळाडूच ठेवतो, पाडणारा नाही. ही आपोआप पडलेली पद्धत आहे.

प्र. १८. मार्कर ठेवायचे कशात?

नमकीनच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यात, तळाला स्पंज, स्पंजला चिरा, चिरेत तारेचं टोक. धूर उभे राहतात, दबत नाहीत. डबा आधी साबणाने दोनदा धुवा. शेवेचं तेल कापसाला लागलं की पिवळा डाग पडतो, आणि कापसात अडकलेली शेव चिमट्याने वेचून काढायला अख्खी दुपार जाते. म्हणून आमच्याकडे खेळ चालू असताना शेव टेबलावर येत नाही. हा नियम मात्र लेखी आहे.

प्र. १९. मला दहा-बारा तयार करून विकत द्याल का?

नाही. इंदुरात असाल तर एखाद्या रविवारी तीननंतर या. कापूस आणि तार आमच्याकडे आहे, ब्रश तुमचा आणा. पहिले दोन-तीन धूर मेंढ्यांसारखे होतील, ते पडलेल्या विमानांच्या खांबांना लागतात, फेकू नका.